धावणाऱ्याचा दम येतो कुठून?

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात मोही नावाचे गाव आहे आणि बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात मांडवा. दोन्ही गावे दुष्काळी पट्ट्यातली. पावसाळ्याचे निम्मे दिवस आभाळाकडे बघण्यातच जावेत, अशी. या गावांतील शेतकरी कुटुंबांत वाढलेली दोन मुले ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ दि जानेरोत आणि मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ साली पॅरिसमध्ये. शर्यतही दोघांची एकच, तीन हजार मीटरची स्टीपलचेस.

पदक कोणालाच मिळाले नाही. ललिता दहावी आली, अविनाश अकरावा. आपल्याकडे पदक नाही म्हटले की विषय मिटतो. पण जरा मागे वळून पाहा. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली, तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्यानंतर तब्बल ३२ वर्षे एकाही भारतीयाला धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठता आली नव्हती. ती ललिताने गाठली. आणि पुरुषांमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचलेला अविनाश हा पहिलाच भारतीय.

आरोग्याच्या सदरात खेळाच्या गोष्टी कशाला, असे वाचक म्हणतील. कारण सांगतो. आमच्या देहूत पहाटे पाच वाजता रस्त्यावर दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, इंद्रायणीवर स्नानाला आणि दर्शनाला निघालेली. आणि दुसरी, पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. भरतीची जाहिरात आली की माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न घेऊन गर्दी होते. "डॉक्टर, दम पुरत नाही. दम वाढायचं एखादं इंजेक्शन असेल तर द्या ना." भरतीला महिना उरलेला असतो, घरची परिस्थिती बेताची असते, आणि त्या पाच मिनिटांच्या धावण्यावर सगळ्या घराची नजर असते. २०२४ च्या भरतीत धावताना कोसळून तरुण दगावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. म्हणून हा दम म्हणजे नेमके काय, तो ललिता आणि अविनाशकडे कुठून आला, हे आज पाहू.

आधी शर्यत समजून घ्या. धावपट्टीला साडेसात फेऱ्या मारायच्या. वाटेत एकूण २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा अडथळ्यापलीकडच्या पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. पुरुषांचा अडथळा साधारण तीन फुटांचा, बायकांचा अडीच फुटांचा. तो ठोकर लागून पडत नाही, माणूस पडतो. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीजवळ पडून अविनाशच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली, पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे ही शर्यत लांब पल्ल्याची आहे, तरी सरळ एका लयीत धावू देत नाही. प्रत्येक अडथळ्याला लय मोडते, ती पुन्हा पकडावी लागते, आणि मोडलेली लय पकडायला जास्तीचा प्राणवायू लागतो.

आता दमाकडे येऊ. दम लागला की आपण छातीला हात लावतो, त्यामुळे दम फुप्फुसात असतो अशी सर्वांची समजूत आहे. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघरी आले. ज्यांच्याकडे ते अजून चालू असेल त्यांनी एखाद्या निरोगी मुलाला मैदानाला चार चकरा जोरात मारायला लावून लगेच बोटाला लावून पाहावे. पोरगा धापा टाकत असतो, पण आकडा बहुतेक वेळा ९५ च्या आसपास किंवा वरच असतो. याचा अर्थ फुप्फुसांनी आपले काम चोख केलेले आहे. हवा आत आली, प्राणवायू रक्तात उतरला. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. चाकणच्या कारखान्यात माल तयार होऊन पडला आहे, पण तो न्यायला ट्रक कमी आहेत किंवा ट्रक चौकात अडकले आहेत, तशी ही अडचण. ट्रक म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी, आणि ते पळवणारे इंजिन म्हणजे हृदय.

हृदयाचा हिशोब सोपा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा आकुंचन पावते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते. गुणाकार केला तर मिनिटाला पाच लिटर. म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे रक्त मिनिटाला एक चक्कर मारते. सराव नसलेला तरुण जीव तोडून धावला तर त्याचे हृदय मिनिटाला वीस लिटरपर्यंत जाते. लांब पल्ल्याच्या मुरलेल्या धावपटूचे तीस, पस्तीस लिटरपर्यंत. गंमत अशी की दोघांच्या ठोक्यांची कमाल संख्या फारशी वेगळी नसते. ती वयावर ठरते आणि सरावाने वाढत नाही. वाढतो तो एका ठोक्यातला घोट. वर्षानुवर्षे धावून हृदयाची डावी पोकळी मोठी आणि लवचिक होते, तीत जास्त रक्त मावते. म्हणूनच अशा धावपटूची नाडी विश्रांतीत मिनिटाला चाळीस-पंचेचाळीसच लागते. अशी नाडी एखाद्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या गृहस्थाची लागली तर मी ताबडतोब कार्डिओग्राम काढायला लावीन.

तिसरा टप्पा पायातल्या स्नायूंचा. स्नायूंत दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. माळकरी वाचकांनी माफ करावे, पण सर्वात सोपे उदाहरण कोंबडीचे आहे. तिच्या तंगडीचे मांस काळपट तांबडे आणि छातीचे पांढरट असते. कोंबडी दिवसभर चालते, पण उडते क्वचित. दिवसभर राबणारा स्नायू तांबडा, कारण त्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दाट आणि प्राणवायू धरून ठेवणारे द्रव्य भरपूर. झटक्याने काम करून थकणारा पांढरा. माणसाच्या मांडीत दोन्ही मिसळलेले असतात. किती प्रमाणात, हे बरेचसे आईबापांकडून येते. शंभर मीटर धावणाऱ्यात झटक्याचे तंतू जास्त, मॅरेथॉन धावणाऱ्यात राबणारे. ललिता मुळात मॅरेथॉनचीच धावपटू. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तीनदा पहिला क्रमांक काढला होता. २०१४ मध्ये ती स्टीपलचेसकडे वळली, त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई खेळांत तिने कांस्यपदक मिळवले आणि २०१५ ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. हे एका वर्षातले यश नव्हे. लांब पल्ल्याच्या सरावातून कमावलेले हृदय आणि तांबडे तंतू तिच्या अंगात आधीच होते. रिओत प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि त्याच जोरावर अंतिम फेरी गाठली.

भरतीच्या मुलांना मी अविनाशचे आकडे कागदावर लिहून देतो. लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर पायपीट, कधी पळत. बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात, मग राजस्थानच्या वाळवंटात नोकरी. शर्यतींकडे तो २०१५ च्या सुमारास वळला, आणि तेही क्रॉस-कंट्रीतून. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद. १९८१ पासूनचा गोपाळ सैनी यांचा विक्रम त्याने तिथे मोडला. २०२१ मध्ये टोकियोत ८:१८.१२. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. सुवर्ण सेकंदाच्या शतांश पाच भागांनी हुकले, केनियाच्या धावपटूकडे गेले. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद. लष्कराचा खुराक, प्रशिक्षक, मसाज, विश्रांती, सगळे हाताशी असताना वीस सेकंदांना सहा वर्षे लागली. आणि आमचा मुलगा महिन्याभरात सोळाशे मीटरमधले चाळीस सेकंद कमी करायला निघतो. नवख्याची सुधारणा सुरुवातीला झपाट्याने होते हे खरे आहे. तरी शरीराचे वेळापत्रक ठरलेले असते. रक्तातले पाणी पहिल्या पंधरवड्यात वाढते, स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात, हाडे आणि स्नायूबंध त्याहूनही सावकाश बळकट होतात. घाई केली की नडगीचे हाड दुखू लागते, आणि तसेच रेटले तर त्याला बारीक तडा जातो. भरतीच्या आधी महिनाभर असे तडे गेलेली मुले मी दर वर्षी पाहतो.

सराव कसा वाढवावा, हे ज्याने जगाला दाखवले तो एमिल झाटोपेक. चेकोस्लोव्हाकियाचा हा धावपटू १९५२ साली हेलसिंकीत पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकला. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. झाटोपेकची युक्ती साधी होती. एक फेरी जोरात, मग एक भाग हळू, पुन्हा जोरात, असे अनेकदा. जोराच्या वेळी हृदयाला ओढ बसते, हळू भागात ते सावरते. सलग दमछाक करून घेण्यापेक्षा अशा तुकड्यांत जास्त काम होते. भरतीच्या मुलांनी आठवड्यातून दोनदा हेच करावे: चारशे मीटर बऱ्यापैकी वेगाने, मग तीन मिनिटे चालणे, असे सुरुवातीला चार वेळा. बाकीचे दिवस सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश धावावे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. एका आठवड्यातून दुसऱ्यात जाताना अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. झाटोपेक स्वतः दिवसाला ज्या संख्येने फेऱ्या मारत असे त्या ऐकून कोणी तशा करायला जाऊ नये.

सरावावरून पुण्याचे एक जुने प्रकरण सांगावेसे वाटते. ऑलिंपिकला भारताचा चमू पहिल्यांदा गेला तो १९२० साली, बेल्जियममधल्या अँटवर्पला, आणि त्याची सुरुवात डेक्कन जिमखान्यावर झाली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तिथल्या शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी, पाय अनवाणी, प्रशिक्षण शून्य, आणि तरी वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास! त्यांतून जी मंडळी निवडली गेली त्यांत मॅरेथॉनसाठी बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार होते. चौगुले अँटवर्पला १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद, आणि अंतर आजच्या मॅरेथॉनपेक्षा साडेपाचशे मीटर जास्त. आगबोटीचा प्रवास, परका देश, परके हवामान. आजही हौशी धावपटूंत तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवणारा माणूस कॉलर ताठ करून फिरतो. चौगुल्यांचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकात कुठे दिसत नाही, ही आपल्या स्मरणशक्तीची तऱ्हा.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की कोणीतरी इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे नाव काढतेच. १९६० साली रोमला तो अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. खरे आहे. पण १९६४ साली टोकियोला तोच बूट घालून धावला आणि आणखी लवकर पोहोचला, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांत. (अपेंडिक्सनंतर तीन महिने जिना न चढणारे माझे काही पेशंट आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम.) ज्याचे पाय लहानपणापासून अनवाणी मुरलेले आहेत त्याची गोष्ट वेगळी. आपण डांबरी रस्त्यावर, फुटक्या काचांतून धावतो. आणि मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी एक पाऊलही टाकू नये. वारीत अनवाणी चालण्याचा नेम असलेल्या मधुमेही माणसाला मी दर ज्येष्ठात हात जोडून सांगतो, "माऊली, पायाला मुंग्या येत असतील तर चप्पल घाला, पांडुरंग रागावणार नाही." पायाची जाणीव गेलेली असते, काटा रुततो, कळत नाही, आणि पालखी पंढरपूरला पोहोचेपर्यंत जखम हाडापर्यंत गेलेली असते.

आता त्या इंजेक्शनच्या मागणीकडे वळतो. ललिता ज्या अंतिम शर्यतीत दहावी आली ती बहारीनच्या रुथ जेबेतने जिंकली. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात ईपीओ सापडले आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. रिओचे पदक तिच्याकडेच राहिले, कारण तो नमुना नंतरचा होता. हे ईपीओ म्हणजे काय? आपले मूत्रपिंड तयार करत असलेले एक संप्रेरक. ते हाडातल्या मज्जेला सांगते की तांबड्या पेशी वाढव. मूत्रपिंडे निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना आम्ही तेच इंजेक्शन देतो, कारण त्यांच्या अंगात रक्तच तयार होत नाही. उंच डोंगरावर राहिले की ते शरीरात आपोआप वाढते, म्हणून धावपटू उटीसारख्या उंच ठिकाणी महिनोन्‌महिने सराव करतात. १९६८ च्या ऑलिंपिकला समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या मेक्सिको शहरात केनियाचा किप केनो पंधराशे मीटर जिंकला आणि ऑस्ट्रेलियाचा जागतिक विक्रमवीर रॉन क्लार्क दहा हजार मीटर संपवून बेशुद्ध पडला, त्यामागे ही उंचीच होती. पण निरोगी माणसाने बाहेरून ईपीओ टोचून घेतले तर रक्त दाट होते. घामाने आणखी दाट. दाट रक्त मेंदूत किंवा हृदयात गोठते.

औषध घेऊन धावण्याची कल्पना काही नवी नाही. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा थॉमस हिक्स मॅरेथॉन जिंकला. रणरणते ऊन, रस्त्यावर मोटारींची धूळ, वाटेत पाणी जवळजवळ नाही. त्याच्या मदतनिसांनी त्याला स्ट्रिकनीन दिले, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडीबरोबर. स्ट्रिकनीन म्हणजे आपल्या कुचल्यातले विष. शेवटी दोघांनी धरून चालवल्यासारखा तो आला. आणखी एक मात्रा पोटात गेली असती तर ऑलिंपिकच्या इतिहासात विजेत्याच्या मृत्यूची नोंद झाली असती. त्या दिवशी धावायला निघालेल्या ३२ जणांपैकी १४ जणच शर्यत पुरी करू शकले.

आमच्याकडचे कुचले वेगळ्या नावाने येतात. वेदनाशामक गोळी धावण्याआधी घेतली की दुखत नाही, हे खरे. पण उन्हात घामाघूम झालेल्या शरीरात तीच गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने दोन दिवस हुशारी वाटते, दम वाढत नाही. दम्याचा पंप दमेकऱ्याला वरदान आहे. ज्याला दमा नाही त्याचे त्याने फक्त हात थरथरतात आणि छाती धडधडते. व्यायामशाळेत डबा बदलून मिळणाऱ्या पावडरीत काय असते ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. यांपैकी कोणतेही औषध मी भरतीसाठी लिहून देत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

मात्र एक 'औषध' मी आनंदाने देतो, आणि ते जास्त करून मुलींना. दोन वर्षांपूर्वी तळवड्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारी एक मुलगी आली. पहिली पाळी संपवून रोज आठशे मीटरचा सराव करायची. तीन महिने झाले, वेळ सुधारेना. दुसऱ्या फेरीत पाय दगडासारखे व्हायचे. घरचे म्हणत, हिच्यात जिद्दच नाही. खालची पापणी ओढून पाहिली, पांढरी फटक. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. बाईचे बारा तरी हवे.

हिशोब करून पाहा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. चौदा ग्रॅमवाल्या मुलीच्या शंभर मिलिलिटर रक्तात जवळजवळ १९ मिलिलिटर प्राणवायू असतो, साडेआठवालीच्या रक्तात अकराच्या आसपास. म्हणजे ती चाळीस टक्के ट्रक कमी घेऊन शर्यतीत उतरते. जिद्दीने ट्रकांची संख्या वाढत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे पहाटे धावणाऱ्या दहा मुलींतल्या पाच-सहा जणी असा अर्धा माल घेऊन धावत असण्याची शक्यता आहे. धावण्याने थोडी भरच पडते: पाऊल आपटून तळव्यात काही तांबड्या पेशी फुटतात, घामातून थोडे लोह जाते, आणि मासिक पाळी आहेच.

आपल्या देहू-आळंदी परिसरातली अनेक घरे माळकरी. मांस-मासळी नाही. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण मग लोहाकडे जाणीवपूर्वक पाहावे लागते. भाज्या-धान्यांतले लोह शरीर कंजूषपणे घेते. ताटात लिंबाची फोड, आवळा, पेरू असेल तर जास्त घेते. जेवणाला लागून चहा प्यायला तर बरेचसे वाया जाते. सकाळी चहा-बिस्किटावर कंपनीची बस पकडणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावे. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर हवे. बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, अळीव, राजगिऱ्याची पालेभाजी हे चांगले. बिटाचा रस मात्र रंगानेच लाल आहे, त्याने रक्त वाढते ही समजूत सोडावी. गुळातही लोक समजतात तितके लोह नसते.

आठ-नऊवर आलेले हिमोग्लोबिन नुसत्या आहाराने लवकर भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या लागतात, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्यांनी शौचाला काळे होते, घाबरू नये. जंताची गोळी सोबत घ्यावी. हिमोग्लोबिन बारावर आले तरी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात, कारण शरीराची कोठी रिकामीच असते. महिनाभर नीट गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर थॅलेसेमियाचा गुण आहे का, हे तपासावे लागते. माझ्या त्या पेशंट मुलीचे चार महिन्यांत ८.४ चे १२.१ झाले. सराव तोच, मैदान तेच. आठशे मीटरमध्ये तिने किती सेकंद कमी केले ते तिनेच येऊन सांगितले, पेढे घेऊन. ती आज पोलीस खात्यात आहे.

मुलींच्या आयांना एक सांगणे. सराव जोरात चालू असताना पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर 'बरे झाले, कटकट गेली' म्हणू नका. खाणे कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर पाळी बंद करून टाकते, आणि त्याबरोबर हाडेही ठिसूळ होऊ लागतात. तेव्हा मुलीला घेऊन डॉक्टरांकडे यावे.

पंचेचाळिशीच्या पुढच्या, कंपनीतून घरी येऊन अचानक मॅरेथॉनचे वेड घेतलेल्या गृहस्थांसाठी थोडक्यात. आधी तीन महिने नुसते भरभर चाला. रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम करून घ्या. तंबाखू-मिश्री-गुटखा असेल तर तो आधी सोडा. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा नेहमीपेक्षा वेगळाच घाम आला तर त्या क्षणी थांबायचे, 'एवढी फेरी पुरी करू' म्हणायचे नाही.

तरुणांनाही थांबण्याचे काही नियम आहेत. धावताना चक्कर येऊन कोणी पडले असेल, किंवा घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले असेल, तर हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय भरतीला उतरू नये. हृदयाचा स्नायू जन्मतः जाड असण्याचा एक आजार असाच घराण्यात फिरतो आणि मैदानातच उघडा पडतो. ताप असताना, अगदी साधा व्हायरल असला तरी, धावू नये. तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज असू शकते. ताप उतरल्यावर आठवडाभर थांबावे. चाचणी दुपारच्या उन्हात असेल तर आदल्या दिवसापासून पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी घोटघोट घ्यावे, शेवटच्या तासात तांब्याभर पाणी ढोसू नये. मैदानात कोणी बरळू लागला, अंग तापले, चालणे भेलकांडले, तर तो थकला आहे असे समजून सावलीत बसवून ठेवू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसेच दवाखान्यात न्या. अँब्युलन्ससाठी नंबर १०८ आहे.